सिस्टिनोसिस : मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर औषध थांबवता येते का?

प्रश्न : माझ्या भाचीला नेफ्रोपॅथिक सिस्टिनोसिस असून तिची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. प्रत्यारोपणानंतर दर ६ तासांनी घ्यावे लागणारे सिस्टिअमीन हे औषध बंद करता येईल का?

प्रतिसाद १ : कृपया बंद करू नका. सीटीएनएस जनुकातील दोषामुळे पेशींच्या लायसोसोममधून (टाकाऊ पदार्थांचे विघटन करणाऱ्या पेशीतील कप्प्यातून) सिस्टीन हे अमिनो आम्ल बाहेर पडत नाही, त्याचे स्फटिक साचतात आणि मूत्रपिंडातील नलिका सर्वांत आधी बिघडतात. म्हणूनच तान्हेपणीच फॉस्फेट, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट लघवीवाटे निघून जातात, मूल सारखे पाणी मागते आणि त्याची वाढ खुंटते. दात्याच्या मूत्रपिंडात हा दोष नसल्याने आजार तिथे उलटत नाही, परंतु थायरॉइड, स्वादुपिंड आणि स्नायूंमध्ये सिस्टीन साचतच राहते आणि ते कमी ठेवायला सिस्टिअमीन लागते.

प्रतिसाद २ : डोळ्यांकडेही लक्ष असू द्या. कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) रक्तपुरवठा नसल्याने पोटात घेतलेले औषध तिथे पोहोचत नाही. सिस्टिअमीनचे थेंब वेगळे घालावे लागतात. औषधामुळे तोंडाला उग्र वास येतो आणि त्या संकोचाने मोठी मुले शाळेत डोस चुकवतात, हे मला फार काळजीचे वाटते.

प्रश्नकर्ती : ताई स्वतः मूत्रपिंड द्यायला तयार आहे, ती वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली, पण स्वतः आजारी नसलेली) असली तरी चालेल का?

प्रतिसाद १ : हो, बाकी तपासण्या जुळल्या तर वाहक पालक दाता होऊ शकतात.