जलविद्युत निर्यातीवरील प्रबंधासाठी नेपाळ घ्यावा की भूतान?

नौपाड्याची विद्यार्थिनी: नमस्कार. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मला शेजारी देशांच्या वीजनिर्यातीवर लघुप्रबंध लिहायचा असून, एकच देश निवडावा असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. भूतानची वाटचाल सरळ असल्याने ती मांडणे सोपे जाईल असे वाटते. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

वाशीकर: नेपाळच घ्यावा. भूतानचा ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प भारताने दिलेल्या ६० टक्के अनुदानावर आणि ४० टक्के कर्जावर उभा राहिला, आणि उरलेली वीज भारताने घ्यायची हे तेव्हाच ठरले होते. नेपाळला मात्र वीजवाहिनी, परवानगी आणि ग्राहक एकेक करून मिळवावे लागले. नेपाळमधील ढलकेबर ते बिहारमधील मुझफ्फरपूर ही वीजवाहिनी आधी आली, भारतीय वीजबाजारात विक्री नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि दहा वर्षांत १०,००० मेगावॅटपर्यंत निर्यातीचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. ज्या प्रकल्पांत चिनी गुंतवणूक आहे त्यांची वीज भारत घेत नाही. या अटीवर स्वतंत्र प्रकरण लिहावे, इतका तिचा नेपाळमधील गुंतवणुकीवर परिणाम आहे.

एक विनंती आहे, ती म्हणजे वार्षिक बेरजेवर निष्कर्ष काढू नका. कुलेखानीसारखा, धरणात पाणी साठवून वीज बनवणारा प्रकल्प नेपाळमध्ये अपवादानेच आढळतो. बाकी बहुतेक केंद्रे वाहत्या पाण्यावर चालतात, त्यामुळे पावसाळ्यात वीज शिल्लक राहते आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच देश भारताकडून वीज विकत घेतो. भारताच्या जाळ्यातून बांगलादेशाला ४० मेगावॅट वीज देण्याचा ऑक्टोबर २०२४ चा त्रिपक्षीय करारही वर्षभराचा नाही. दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळात, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट दराने, ती वीज जायची आहे.

नौपाड्याची विद्यार्थिनी: मनःपूर्वक आभार. मग हिवाळ्यातील टंचाई भूतानला जाणवत नाही का?

वाशीकर: जाणवते, तोही हिवाळ्यात भारताकडून वीज घेतो. म्हणून भूतानला तुलनेपुरते एक प्रकरण द्यावे.

खारघरचा निवृत्त अभियंता: वरील मताशी मी सहमत आहे. साठवणुकीने काय फरक पडतो हे समजण्यासाठी खोपोलीला अवश्य जाऊन या. लोणावळा परिसरातील तलावांत पावसाळ्याचे पाणी अडवून ते घाटाखालच्या जनित्रांवर सोडण्याची ही योजना १९१५ पासून चालू आहे, आणि मागणी वाढेल त्या वेळी पाणी सोडता येते हेच तिचे खरे मोल आहे. नेपाळने अशी धरणे बांधावीत असे म्हणणे सोपे आहे, परंतु त्यांसाठी दऱ्यांतील गावे आणि शेती पाण्याखाली जाते. कोयनेच्या विस्थापितांची परवड पाहिलेल्या महाराष्ट्राने हा मुद्दा विसरता कामा नये. आपल्या प्रबंधात निर्यातीच्या उत्पन्नासोबत हिवाळी आयातीचा खर्च आणि पुनर्वसनाचा खर्च हे दोन्ही अवश्य मांडावेत.