मदत हवी आहे : यिद्दिशमधल्या ‘श्वार्त्से’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

पोलंडमधून न्यूयॉर्कला गेलेल्या एका आजींच्या यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आठवणी मराठीत आणते आहे. छापायच्या नाहीत, त्यांच्या नातसुनेला वाचायला हव्यात, ती पुण्याची. एका शब्दापाशी आठवडाभर अडले आहे.

‘श्वार्त्स’ म्हणजे काळा. ‘श्वार्त्से ओयगन’, काळे डोळे; श्वार्त्झ आडनावही त्यातलंच. विशेषण आपल्यासारखंच लिंगाप्रमाणे बदलतं: ‘श्वार्त्सर मान’ (काळा पुरुष), ‘श्वार्त्से फ्रोय’ (काळी बाई). यात वावगं काही नाही. पण अमेरिकेत पुढचं नाम गळून पडलं आणि नुसती ‘दि श्वार्त्से’ म्हणजे घरी कामाला येणारी काळी बाई असं झालं. इंग्रजीत हा शब्द गेला तो हिणवणारा म्हणूनच.

आजींच्या एकाच पानावर दोन्ही आहेत. बहिणीला त्या ‘श्वार्त्स-खेनेव्दिक’ म्हणतात. ‘खेन’ हिब्रूतून आलेला, म्हणजे लावण्य. इथे माझ्या हातून आपसूक ‘काळीसावळी, नाकीडोळी नीटस’ उतरलं, आणि फार आनंद झाला. चार ओळींनी कामाची बाई येते: ‘दि श्वार्त्से’. ‘कृष्णवर्णीय’ लिहिलं तर आजींनी न दाखवलेला आदर मी त्यांच्या पदरी घालते. ‘कामवाली’ लिहिलं तर रंगच जातो, आणि खुपतो तो रंगच. ‘काळी’ लिहायला हात धजत नाही.

(‘ग्रीनर’, म्हणजे हिरवा, नुकताच देशात आलेला, याला ‘नवखा’ केलंय. चालेल ना?)

प्रतिसाद

ताई, ‘नवखा’ छान आहे.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, माहेर अलिबागकडचं. यिद्दिश आमच्यात कधीच नव्हती, आम्ही मराठीच. पण आमच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते, त्यांच्यात सोयरीक होत नसे. म्हणून ‘काळी’ हे नुसतं कसं लागतं ते मला ठाऊक आहे. आजी बोलतात तिथे ‘ती काळी’ असंच ठेवा, मऊ करू नका. तुमच्या टिपेत मात्र ‘काळ्या वर्णाची बाई’ लिहा, बाई हा शब्द गाळू नका. तिचं नाव कुठे आलंय का?

धागाकर्ती

आलंय, शेवटच्या प्रकरणात, एकदाच. आता टिपांमध्ये पहिल्यापासून तेच घालते. मनापासून आभार.