गटातला काडीबहाद्दर: ओळखायचा कसा, आवरायचा कसा? (अनुभव धागा, नाशिक)

कांद्याचा भाव असो, तपोवनातली झाडं असोत की मिसळ कुठली भारी, काडी टाकून मजा बघणारा एकजण प्रत्येक व्हॉट्सॲप गटात असतोच. गट चालवणाऱ्यांनी लिहा, करता काय? उपदेश नको, नेमकं सांगा.

सोसायटी गट, इंदिरानगर
आधी ट्रोल आणि तक्रारखोर वेगळे काढा. "दोन दिवस पाणी नाही, सेक्रेटरी झोपलाय का?" हा ट्रोल नव्हे. तोंड वाईट आहे, पण नळाला पाणी आलं की गप्प बसतो. ट्रोल तुमच्या उत्तराला हातच लावत नाही, लगेच दुसरं खुसपट काढतो. दोनदा असं झालं की ओळखायचं.

पहिल्यांदा खासगीत एकच ओळ, गटाचा कुठला नियम मोडला ते सांगून. चारचौघांत सुनावलं तर त्याला हवा तो तमाशा मिळतो. पुन्हा केलं तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मगच मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा. उलटा क्रम केला तर हाती पुरावा राहत नाही. वणवा पेटलाच तर रात्रीपुरतं फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करा आणि सकाळी उघडा. आठवडाभर कुलूप ठेवलं की लोक दुसरा गट काढतात, आणि तिथे ॲडमिन हाच!

काढल्यावर गटाची लिंक रीसेट करा आणि नवीन सदस्यांना मंजुरी सक्तीची ठेवा. नाहीतर दुसऱ्या नंबरवरून स्वारी परत हजर.

द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत
आमच्याकडे शिवीपेक्षा आकडा घातक. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या, फवारण्या सुरू होतात. शुद्ध जीए 1 ग्रॅम 100 लिटर पाण्यात, म्हणजे 10 पीपीएम (दहा लाखात 10 भाग). कोणीतरी खोडसाळपणे "10 लिटरला 1 ग्रॅम, माझा माल बघा" असं टाकतो. ते झालं 100 पीपीएम. जास्त जीएने घडाचा देठ जाड आणि कडक होतो. इथे दुर्लक्ष चालत नाही. मेसेज उडवा आणि लगेच बरोबर हिशोब पिन करा. ज्यांनी आधीच वाचलंय त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचायला हवी.

गोदाघाट
पावसाळ्यात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा, गळ्यापर्यंत बुडालेला जुना फोटो "आत्ताचा पूर" म्हणून हमखास येतो. टाकणाऱ्याशी वाद घालू नका. फोटो गुगल लेन्सवर टाका, आधीच्या वर्षीचा निघाला तर ती लिंक द्या आणि गंगापूर धरणातून आत्ता किती क्युसेक सोडलंय तेवढं लिहा. विषय संपतो.

एक वेगळं मत
सगळा दोष ट्रोलवर टाकू नका. तो नेमकं दुखरं ठिकाण शोधतो. देखभाल निधीचा हिशोब दर महिन्याला गटावर पडत असेल, तर "पैसे खाल्ले" या काडीला आग लागतच नाही.

वकिली करणारा, सीबीएस
"66अ लावतो" अशी धमकी कृपया देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजीच रद्द केलंय. खवचटपणा हा गुन्हा नाही. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 356, धमकीसाठी 351, बाईच्या ऑनलाइन पाठलागासाठी 78. ॲडमिननेही घाबरू नये: सदस्याच्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. तक्रार करायची असेल तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो फोन फॉरमॅट करू नका.