मदत हवी आहे: आण्णांना बायोप्सीला कसं तयार करू?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. माझे चुलते आण्णा २० वर्षं तंबाखू-चुना मळून खातात. डाव्या गालात, चिमूट धरायच्या जागीच, पांढरा चट्टा आलाय, पुसला तरी जात नाही. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. भाकरी आमटीत कुस्करून खातात, बघवत नाही. कॅन्सर तर नाही ना, हे बघायला मिरजेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला (म्हणजे बायोप्सी करायला) सांगितलंय. आण्णा मात्र 'तुकडा काढला की रोग पसरतो' म्हणून अडून बसलेत. 'लाळेवरून कळतं की' म्हणतात. लाळेतल्या आयएल-८सारख्या प्रथिनांवरून कॅन्सर ओळखता येतो का, यावर संशोधन चालू आहे खरं, पण पक्कं निदान बायोप्सीनंच होतं. आपल्याकडे कुणी ती करून घेतली असेल तर आण्णांशी फोनवर दोन शब्द बोलाल का? माझं ऐकत नाहीत, भोगलेल्या माणसाचं ऐकतील.