नव्या गाडीची किंमत ठरवताना घासाघीस नेमकी कशावर करावी?

पहिलीच_नवी:

कोणती गाडी, कोणते इंजिन आणि कोणती आवृत्ती घ्यायची हे माझे ठरलेले आहे, त्यामुळे त्याविषयी सल्ला नको आहे. अडचण किमतीची आहे. आतापर्यंत दोन शोरूममध्ये जाऊन आले. दोन्हीकडे मी किंमत विचारली आणि उत्तरादाखल मलाच प्रश्न आला, की महिन्याला किती हप्ता झेपेल? पहिल्या ठिकाणी एका कागदावर गाडीची किंमत, विमा, नोंदणी आणि ॲक्सेसरीज यांची एकच गोळाबेरीज लिहून दिली आणि फोड मागितल्यावर ‘ती बुकिंगच्या वेळी मिळेल’ असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी सवलत बरी होती, परंतु ती केवळ त्याच दिवसापुरती असल्याचे तीनदा बजावण्यात आले.

माझी सध्याची गाडी मी वापरलेली घेतली होती आणि ती बदल्यात द्यायची आहे. कर्ज बँकेकडून घ्यावे की शोरूममार्फत, हेही ठरलेले नाही. मला घाई नाही, आणखी दोन महिने थांबता येईल. तेव्हा विक्रेता किती खाली येऊ शकतो याचा अंदाज कसा बांधावा, जुन्या गाडीचा विषय केव्हा काढावा आणि बोलणी नेमकी कोणत्या आकड्यावर करावीत, हे जाणकारांनी सांगावे. शेवटची शंका जरा संकोचानेच विचारते. मी एकटी स्त्री म्हणून गेल्यामुळे मला चढा भाव सांगितला जात असेल, की हा माझ्या मनाचा खेळ आहे?

टेबलापलीकडचा:

मी नऊ वर्षे शोरूममध्ये विक्रीचे काम केले आणि हप्त्याचा तो प्रश्न हजारो वेळा विचारला, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ग्राहकाच्या तोंडून हप्त्याचा आकडा एकदा निघाला की गाडीची किंमत, जुन्या गाडीचा भाव, व्याजदर आणि कर्जाची मुदत या चारही गोष्टी विक्रेत्याच्या हाती येतात; तो त्यांतील कोणतीही सोयीनुसार कमीजास्त करून नेमका तोच हप्ता जुळवून दाखवतो आणि ग्राहक आपले म्हणणे मान्य झाले या समाधानात सही करतो. म्हणून या प्रश्नाला एकच उत्तर द्यावे : ‘पैशांची व्यवस्था मी पाहीन, आपण गाडी माझ्या ताब्यात येईपर्यंतची एकूण रक्कम फोड करून लेखी द्या.’ जो विक्रेता फोड द्यायला तयार नसतो, त्याचा नफा त्या फोडीतच असतो.

किती खाली येता येते, हे गाडीवरच्या नफ्यावरून ठरत नाही, ही गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. कंपनीकडून गाडी ज्या भावाने येते आणि ज्या भावाने विकायची असते त्यांतला फरक अनेकदा तुटपुंजा असतो. खरी कमाई कर्ज आणि विमा मिळवून देण्याचे कमिशन, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि पुढची अनेक वर्षे चालणारे सर्व्हिसिंग यांतून होते. त्याखेरीज ठरावीक काळात ठरावीक गाड्या विकल्या तर कंपनीकडून बक्षिसी मिळते आणि ती बऱ्याचदा टप्प्यांची असते. म्हणजे टप्पा गाठायला दोन गाड्या कमी पडत असतील, तर त्या दोन गाड्या तोट्यात विकूनही विक्रेता फायद्यात राहतो, कारण बक्षिसी आधी विकलेल्या सगळ्या गाड्यांवर मिळते. महिनाअखेरीस किंवा तिमाहीच्या शेवटी जावे असे म्हणतात त्यामागचे कारण हे आहे. अर्थात ज्या शोरूमचा टप्पा वीस तारखेलाच पूर्ण झाला, तिथे तीस तारखेला कोणी विचारतही नाही. त्यामुळे एकाच शोरूमवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट आवारात उभ्या असलेल्या गाड्यांची. त्या बहुधा कर्ज काढून आणलेल्या असतात आणि प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढत असते. चार महिने उभी असलेली गाडी व्यवस्थापकाच्या डोळ्यांत खुपते. रंगाचा आग्रह नसेल तर ‘आपल्याकडे आवारात याच आवृत्तीच्या कोणत्या गाड्या आहेत?’ असे अवश्य विचारावे. मात्र अशी गाडी घेताना तिचा उत्पादन महिना पाहावा. चासीवरील सतरा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकात दहावे स्थान अनेकदा वर्षाचे असते, परंतु सगळे उत्पादक ते तसे वापरत नाहीत, म्हणून गाडीवरची पट्टी आणि कागदपत्रे या दोन्हींची खात्री करावी. गेल्या वर्षीची गाडी विकताना एका वर्षाने जुनी धरली जाते. तेव्हा सवलत त्या घटीपेक्षा मोठी असेल तरच ती खरी सवलत.

जुन्या गाडीचे म्हणाल तर तिचा भाव आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी काढून ठेवावा आणि नव्या गाडीची किंमत लेखी मिळेपर्यंत तिचा उल्लेखच करू नये. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे काढून घेतले जाते, ते मी स्वतः करत असे. अभिमानाने सांगत नाही.

आकडेमोड:

वरील प्रतिसादातील हप्त्याचा मुद्दा आकड्यांत मांडतो. मुद्दल १०० धरा आणि व्याजदर घटत्या शिलकीवर वर्षाला ९ टक्के. मुदत पाच वर्षांची असेल तर हप्ता २.०८ येतो आणि एकूण परतफेड सुमारे १२४.६ होते. मुदत सात वर्षांची केली की हप्ता १.६१ वर उतरतो, म्हणजे जवळजवळ २२ टक्क्यांनी कमी होतो, परंतु परतफेड १३५.१ वर जाते. व्याजाचा बोजा २४.६ वरून ३५.१ झाला आणि गाडीची किंमत एका पैशानेही कमी झाली नाही. ‘हप्ता कमी करून देतो’ याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो.

कर्ज कुठून घ्यावे हे ठरवण्यापूर्वी व्याजदर कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारावे. पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लावणारा ‘फ्लॅट’ दर ७ टक्के सांगितला, तर कानाला ९ टक्क्यांपेक्षा तो गोड लागतो. प्रत्यक्षात पाच वर्षांच्या कर्जावर तो घटत्या शिलकीच्या सुमारे १२.५ टक्क्यांइतका पडतो. आधी बँकेकडून मंजुरीचे पत्र आणावे आणि ते खिशात ठेवून शोरूमचा देकार ऐकावा. शोरूमचा दर खरोखर कमी असला तर तोच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व परतफेडीचा दंड धरून तुलना करावी.

‘शून्य टक्के व्याज किंवा रोख सवलत, यांपैकी एक निवडा’ अशी योजना पुढे आली तर केवळ घोषणेकडे पाहू नये. रोख सवलत ८ टक्के असेल आणि उरलेल्या ९२ वर आपण ९ टक्क्यांचे कर्ज घेतले, तर एका वर्षाच्या मुदतीत एकूण ९६.५ भरावे लागतात, दोन वर्षांत सुमारे १००.९ आणि पाच वर्षांत ११४.६. शून्य टक्क्यांत हा आकडा सर्वत्र १०० आहे. म्हणजे लवकर फेडणाऱ्याला सवलत आणि सावकाश फेडणाऱ्याला शून्य टक्के परवडते, या दरांना सीमारेषा दोन वर्षांच्या थोडी अलीकडे पडते.

रांगेतला:

टेबलापलीकडचा यांचे म्हणणे खरे आहे, परंतु ते सर्वच गाड्यांना लागू पडत नाही. मी निवडलेल्या गाडीसाठी पाच महिन्यांची प्रतीक्षा यादी होती आणि महिनाअखेर, टप्पे, आवारातला साठा यांचा तिथे काही उपयोग झाला नाही. सवलतीचे नाव काढताच समोरच्या गृहस्थांनी नम्रपणे हसून पुढच्या ग्राहकाकडे पाहिले. अशा वेळी किमतीवर हुज्जत घालण्यापेक्षा बुकिंगच्या अटींवर बोलावे. ताबा मिळेपर्यंत कंपनीने भाव वाढवले तर जुना भाव राहील की नवा लागेल, बुकिंग रद्द केल्यास पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि ठरलेली आवृत्ती आली नाही तर काय, हे तीन प्रश्न मी विचारले नाहीत. वाट पाहण्याच्या काळात भाव दोनदा वाढला आणि तो मुकाट्याने भरावा लागला. तेव्हा प्रथम आपली गाडी मागणीची आहे की पडून राहणारी, ते ताडावे आणि मगच डावपेच ठरवावेत.

सरळरेघ:

आपल्या शेवटच्या शंकेला कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहिते. तो मनाचा खेळ नाही. इयान आयर्स आणि पीटर सिगेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी शिकागो परिसरातील शोरूममध्ये प्रशिक्षित ‘ग्राहक’ पाठवले होते. सर्वांना बोलण्याचा एकच साचा पाठ करून दिलेला होता आणि तीनशेहून अधिक वेळा अशा जोड्यांनी बोलणी केली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार तंतोतंत तीच वाक्ये बोलूनही गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावांपेक्षा कमी होते. याचा अर्थ प्रत्येक विक्रेता मनात आकस ठेवून बसतो असा नव्हे. समोरच्याला बाजारभाव किती ठाऊक आहे आणि तो किती रेटून धरील, याचा अंदाज तो चेहऱ्यावरून बांधतो.

म्हणून त्याला चेहरा पाहूच देऊ नये. मी चार शोरूमना एकच ईमेल पाठवली. गाडी, आवृत्ती, रंगाचे दोन पर्याय आणि ताब्याचा कालावधी लिहिला आणि ‘फोडीसह एकूण रक्कम कळवावी, ज्यांचा देकार सर्वांत चांगला असेल त्यांच्याकडे मी या आठवड्यात बुकिंग करणार आहे’ असे कळवले. एकाने ‘प्रत्यक्ष या, मग बोलू’ असे उत्तर दिले, त्याला वगळले. उरलेल्या तिघांपैकी सर्वांत कमी आकडा दुसऱ्या दोघांना दाखवला आणि एकदाच सुधारित देकार मागितला. तो दाखवताना खोटा आकडा मात्र रचू नये, कारण विक्रेत्यांना एकमेकांचे भाव साधारण ठाऊक असतात आणि थाप उघडी पडली की पुढचे बोलणे संपते. सोबत पुरुष नातेवाईक नेण्याची गरज मला एकदाही भासली नाही.

‘फक्त आजच’ या सवलतीविषयी एवढेच सांगते, की आपल्याकडे दोन महिने आहेत हे त्यांना कळू द्यावे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून आला आहे, हे एकदा ओळखले की समोरचा कशाला खाली येईल?

पहिलीच_नवी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. माझी गाडी प्रतीक्षा यादीची नव्हती, त्यामुळे सरळरेघ यांच्या पद्धतीने पाच ठिकाणी ईमेल केली आणि चौघांकडून फोड आली. फोड हाती आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की गाडीची मूळ किंमत चौघांचीही जवळपास सारखीच होती; फरक सगळा विमा, ‘कागदपत्रे व हाताळणी’ आणि न मागितलेल्या ॲक्सेसरीजमध्ये होता. विम्याचा तोच तपशील मी स्वतः बाहेर काढून पाहिला तर तो जवळजवळ पाव हिश्श्याने स्वस्त पडला. तो बाहेरून घेते म्हटल्यावर शोरूमने आधी ‘मग सवलत देता येणार नाही’ असे सुनावले, पण दुसऱ्याच दिवशी विम्याची रक्कम स्वतःहून तेवढी खाली आणली. जुनी गाडी अखेर बाहेरच विकली. कर्ज बँकेचेच घेतले, पाच वर्षांचे.

आता एक अडचण आली आहे. परवा ताबा आहे आणि अंतिम बिलात रंगसंरक्षक लेप या नावाखाली एक रक्कम दिसते, जी मी मागितलेली नाही. ‘गाडीवर लेप आधीच लावून झाला आहे’ असे ते म्हणतात. वाद घालावा की सोडून द्यावे?

टेबलापलीकडचा:

सोडून देऊ नये आणि वादही घालू नये. मान्य झालेल्या लेखी देकाराची प्रत आणि अंतिम बिल शेजारी शेजारी ठेवून विक्रेत्याशी नव्हे, तर व्यवस्थापकाशी बोलावे. लेप लागलेला असला तरी तो आपल्या संमतीशिवाय लावला आहे, त्यामुळे त्याचा खर्च शोरूमचा. सर्वांत महत्त्वाचे, उरलेली रक्कम बिल दुरुस्त होऊन हाती आल्याखेरीज वळती करू नये आणि बँकेलाही तसे आजच कळवून ठेवावे, कारण बँकेचा पैसा थेट शोरूमकडे जातो आणि तो एकदा गेला की हे बोलणे फार लांबते. उद्या दिवसाउजेडी जाऊन गाडी पाहून घ्यावी. चासी क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा, किलोमीटरचा आकडा आणि टायर पाहावेत आणि दुसरी किल्ली मागून घ्यावी. ती द्यायला आमच्याकडेही नेहमी विसरत.

पहिलीच_नवी:

आज व्यवस्थापकांना भेटले. लेपाची रक्कम बिलातून वगळली, लेप गाडीवर तसाच राहिला. दुसरी किल्ली खरोखरच कपाटात राहिली होती.