पसारा आवरल्यावरच देव भेटतो का?

ताई, सासूबाईंचं आजारपण आणि मुलांच्या परीक्षा यांत महिनाभर धड पूजा झाली नाही, या गोंधळात देवाचा हात कुठेच दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंत. वाचून गलबललं. मीही त्यातून गेलेय.

माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायचे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा मला तिथे नुसता खडखडाट आणि हवेत उडणारा कापूस दिसायचा. उभा धागा तुटला की बाबा माग थांबवत, वाकून दोन्ही टोकं शोधत, चिमटीत गाठ मारत आणि पुन्हा चालू करत. नक्षी मात्र वर जकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत आधीच ठरलेली असे. धागा तुटला म्हणून ती बदलत नसे. देवाची योजना मला तशीच वाटते, आपल्या डोक्याच्या वर चाललेली.

आणि आपले सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बघा. १२व्या शतकात त्यांनी ६८ लिंगं स्थापली, ती एका शांत गाभाऱ्यात नव्हे, गावाभोवती विखरून. संक्रांतीच्या यात्रेत तैलाभिषेकासाठी नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या लिंगांकडे निघतात, ते आजही भर वस्तीतून, दुकानांसमोरून.

सासूबाईंना औषध देताना, त्यांची चादर बदलताना मनातल्या मनात नाव घ्या. आईच्या शेवटच्या वर्षात मी तेच केलं. देवापुढे दिवा कधी रात्री अकराला लागायचा, पण पूजा चुकली असं एकदाही वाटलं नाही.