आधी वारसांच्या सह्या, मग अनुदान
आयर्लंडमध्ये दोन वर्षं रिकाम्या घराच्या दुरुस्तीला ५० हजार युरोपर्यंत, मोडकळीला आलं असेल तर ७० हजारांपर्यंत अनुदान मिळतं, मग आपल्याकडे का नाही, असं काही जण विचारतात. (तेही काम झाल्यावरच हातात पडतं, बरं का.) आमच्या अमळनेरकडच्या गावात निम्मी गल्ली सुरतला गेलीय, धाब्याच्या घरांना कुलपं. प्रधानमंत्री आवासचे १ लाख २० हजार बेघर नि कच्च्या घरवाल्यांना. बंद वाड्याच्या डागडुजीला नाहीत. आणि उद्या पैसा आला तरी आमच्या नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, अजून आजोबाच! वारस नऊ, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देतात, त्यावर बँकेचं कर्जही निघू शकतं. पण सगळ्यांच्या सह्या गोळा करायला सुरतला कोण जाणार?